कड्यावरची शीळ

कार्तिकात आमच्या नैनितालकडच्या पहाडात बाया गवतासाठी कड्याला पालीसारख्या चिकटतात. त्या दिवशी हरुलीचा पाय वाळक्या गवतावरनं सटकला. वरनं धोंडा गडगडत आला आणि नडगीवरच बसला. जोडीच्या बाया भारे घेऊन पुढं गेलेल्या. ओरडून ओरडून तिचा घसा बसला.

दुपार कलली तशी खालच्या पायवाटेवर दोघं दिसले. शंभरावर वर्षांत कुणाच्या नजरेला न पडलेला, शीळ घालणारा डोंगरी लावा पक्षी हुडकायला आलेले भट्टाचार्य साहेब, आणि त्यांचं ओझं वाहणारा हरुलीचा दीर खीमसिंग. हरुलीनं शेरडांना घालतात तशी शीळ घातली.

साहेब मटकन खाली बसले. वारा खालून वर येत होता. त्यांची कुजबुज तिला लख्ख ऐकू आली.

"खीमसिंग, हाच तो! हलू नकोस, उडून जाईल."

"सायब, शेरडंवाला असंल कुणी."

"शेरडं कुठायत इथं? गप बैस."

हरुलीनं पुन्हा शीळ घातली. ती जितकी कळवळून घाली, तितके ते दोघं निपचित. साहेबांनी तर टोपी काढून छातीशी धरली.

"मेल्या खिम्या, तुजी भौजी हाय रं!" घशातनं नुसती हवा आली.

ऊन शेंड्यावर चढलं. पाय बधिर झाला. मग तिच्या ध्यानात आलं, शीळ चालू आहे तोवर ही माणसं हलायची नाहीत. तिनं डोईचं फडकं दातात धरलं. शीळ ओठावर यायची, ती गिळायची.

"थांबला की," साहेब म्हणाले. "चल, बघू. हळू."

गवत सळसळत जवळ आलं, फाकलं. कॅमेऱ्यामागनं साहेबांचा चेहरा निघाला आणि घरातलं माणूस गेल्यासारखा पडला.

"भौजी!" खीमसिंगनं धोंड्याला हात घातला. साहेब उभेच.

हरुली घोगरली, "सायब, पाखराच्या जागी मी निगाले, त्येचं सुतक मागनं धरा. आदी ह्यो धोंडा उचला."

साहेब भानावर आले. त्यांनी खांदा लावला. धोंडा दरीत गेला.

हरुली आता लंगडते, पण गवताला जाते. साहेबही दरसाल येतात. फक्त कड्यावरनं शीळ आली, की आधी मोठ्यानं हाक देतात, "कोण आहे तिकडं?"

"सायब, अशानं पाखरू घावायचं न्हाई," खीमसिंग म्हणतो.

"ठाऊक आहे रे," म्हणतात, आणि पुन्हा हाक देतात.