माझ्या तड्याची शेपटी झाली

मी एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक आहे. ज्या भिंगाला डोळा लावतात, त्या माझ्या वरच्या भिंगाला केसाएवढा तडा आहे. मित्रांनो, हा तडा कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकात छापला जात होता. कसा, ते सांगतो.

एका कारागिराने मला घडवले आणि एका संशोधन संस्थेच्या संस्थापकांनी मला विकत घेतले. तळ्याच्या पाण्यातला एक इवलासा जीव त्यांनी माझ्यातूनच प्रथम पाहिला. त्याच सुमारास पुसताना माझे भिंग त्यांच्या हातून निसटले. त्यांनी ते उचलले, रुमालाने टिपले, स्क्रूने घट्ट आवळले आणि ते त्या जीवाचे चित्र काढायला बसले. चित्रात त्या जीवाला डावीकडे एक बारीक, वाकडी शेपटी आली.

संस्थापक थोर होते, आणि थोरांच्या चित्राला कोणी खोडरबर लावत नाही. पुढे नवी यंत्रे आली, मी कपाटात गेलो. नव्या यंत्रांतून शेपटी कोणालाच दिसेना. विद्वानांनी यावर सखोल विचारविनिमय केला आणि शेपटी लाजाळू असते, असा निष्कर्ष काढला.

माझे कपाट प्रयोगशाळेतच होते. एकदा परीक्षेत एका विद्यार्थिनीचे चित्र पाहून प्राध्यापक थबकले.

"शेपटी कुठाय?"

"दिसत नाही, सर."

"नसली दिसत तरी काढायची. पुस्तकात आहे ना?"

"मग सूक्ष्मदर्शक कशाला ठेवलाय, सर?"

ती नापास झाली. घरी आई म्हणाली, "काढली असतीस एक रेघ, तर हात झिजला असता का तुझा?" हे तिने मला पुष्कळ नंतर, माझे पितळ पुसताना सांगितले.

ती विज्ञानाची इतिहासकार झाली. कोणी काय शोधले, एवढ्यावर तिचे समाधान होत नसे. त्याला ते कशातून दिसले, हे तिला हवे असे. जुने चित्र खरे मानण्याआधी ते ज्या यंत्रातून काढले, त्याच यंत्राला ती डोळा लावी. सहकारी चिडवत, "काय बाई, आज कोणाची भांडी घासताय?" बाई हसत आणि घासत राहत.

संस्थेचे शताब्दी वर्ष आले. तेच प्राध्यापक आता संचालक होते. स्मरणग्रंथात संस्थापकांवर प्रकरण लिहायला बाईंना बोलावले गेले. त्यांनी कपाट उघडले, मला बाहेर काढले आणि कोरी काचपट्टी ठेवून पाहिले. पाणी नाही, जीव नाही. शेपटी मात्र हजर! त्या एकट्याच खदखदून हसल्या.

तेवढ्यात संचालक आले. "अरेच्चा, तडा गेलाय! भिंग बदलून घ्या. समारंभाला पाहुणे यायचेत."

मी हादरलो. भिंग गेले की पुरावाच गेला.

"बदला की," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण आधी एकदा बघा तरी." त्यांनी तळ्याच्या पाण्याचा थेंब ठेवला.

संचालक लहान मुलासारखे ओरडले, "आहे की शेपटी! मी म्हणत नव्हतो?"

बाईंनी स्क्रू सैल केला आणि भिंग हळूच फिरवले. जीव होता तिथेच राहिला. शेपटी उजवीकडे गेली.

"पाणी हललं असेल."

"पुन्हा फिरवते, सर."

शेपटी डोक्यावर उगवली. संचालक बराच वेळ डोळा लावून बसले.

"मग मी इतकी वर्षं काय शिकवलं?"

"तेच तर लिहायचंय, सर."

भिंग वाचले. बाईंचे प्रकरण मात्र स्मरणग्रंथातून वगळले गेले. त्यांनी ते स्वतंत्र पुस्तक म्हणून काढले. पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत, बेडकाच्या पिल्लाची जावी तशी, शेपटी निमूटपणे नाहीशी झाली. नापास झालेल्यांची कोणी क्षमा मागितली नाही.

बाई आता नाहीत. मला 'नीट' करण्याची भाषा पुन्हा कानांवर येते. मित्रांनो, माझ्यावरची धूळ जरूर पुसा, पण तडा राहू द्या. आणि न दिसणारी शेपटी काढायला तुम्हाला कोणी सांगितलेच, तर आधी भिंग फिरवून पाहा.