आप्पांचा ठेका मी सरळ केला

बेळगावात आजच्या घडीला किमान चाळीस रॅपर हाईत. मी मोजल्यात. निम्मे मराठीत बोलत्यात, निम्मे कन्नडमध्ये, आणि चाळीसच्या चाळीस एकच गाणं म्हणत्यात. हे मी चिडून बोलतोय असं वाटंल, तर वाटू दे. चिडलोयच मी. पण त्यातल्या पंधरा-सोळा जणांचा बीट, म्हंजे मागं वाजतंय ते, माझ्याच लॅपटॉपवर झालाय. शिव्या घालायच्याच तर सुरुवात माझ्यापासनं करायला पायजे.

मी परशराम. गाव कंग्राळी, नोकरी उद्यमबागेतल्या कारखान्यात, मशीनवर. पहिली पाळी सुटली की चारला घरात, हात-पाय धुतले की कानाला हेडफोन. बारा वर्षं झाली, रॅप सोडून दुसरं कायबी मी कानात घातलं न्हाय. आणि हे मी लोकांस्नी अभिमानानं सांगत फिरायचो, आता बोला!

गेल्या डिसेंबरात टिळकवाडीत एका हॉलमध्ये रॅपची स्पर्धा झाली. आमच्या गावचा साईराज माझ्या बीटवर उतरलेला. साईराजच्या गाण्यात पोलीस त्याच्या मागं लागत्यात, दुश्मन जळत्यात, आणि तो कुणाच्या बापाला भीत न्हाय. खरं म्हंजे तो मोबाईलच्या दुकानात कामाला हाय, आणि आईचा फोन आला की उभा राहून बोलतोय. त्याच्या आधी राघवेंद्र नावाचं एक कन्नड पोरगं गाऊन गेलं.  इंटरनेटवरनं फुकट घेतलेला जो बीट मी थोडा इकडं-तिकडं करून साईराजला दिलता, तोच त्यानंबी घेतलता. दुश्मन तेच, पोलीस तेच, हात हलवायची तऱ्हासुदिक तीच. भाषा तेवढी येगळी.

परीक्षक म्हणून मुंबईहून केतकी नावाच्या एक बाई आलत्या, रेकॉर्डिंगचं काम करणाऱ्या. साईराजचं झाल्यावर त्यांनी माईक घेतला.

"तू ऐकतोस काय रे?"

"रॅप, मॅडम."

"आणखी?"

"आणखी रॅप."

हॉल हसला. बाई हसल्या न्हाईत. म्हणाल्या, "सकाळपासून अकरा जण ऐकले. रॅपर फक्त रॅपच ऐकतो, तेव्हा तो आधीच्याची झेरॉक्स काढतो. पुढचा त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढतो. शेवटी नुसता काळा कागद उरतो. घरी काही वाजत नाही का तुमच्या?"

परत येताना गाडीवर मागं बसून साईराज त्या बाईच्या नावानं कंग्राळीपर्यंत बोंबलत आला. मला त्यात सूर मिसळता येईना. कारण आमच्या घरात वाजत होतं. पस्तीस वर्षं वाजत होतं, आणि मी दार लावून घेत होतो.

आमचे आप्पा, गुंडूआप्पा म्हणत्यात त्यांना गावात, भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. दिवसा शेत, एकादशीला देवळात पखवाज. दसऱ्यापास्नं त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागलेल्या. एकदा चहाचा कप हातातनं सुटला, तवा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर लई वाढलीय, रक्तदाब वर हाय, हात किती दिवस साथ देईल ते सांगता येत न्हाय. आप्पा घरी आले. पखवाज मांडीवर घेऊन पुसत बसले.

तवा मला आप्पांचा पखवाज रेकॉर्ड करायचाच होता. साईराजला सांगितलं, आपल्या बीटमध्ये घालू, असला ठेका त्या चाळिसातल्या एकाकडंबी नसणार. ते एक कारण. दुसरं कारण मी कुणाला सांगितलं न्हाय. हात जाईल तवा जाईल, पण आप्पांचं वाजवणं कुठंतरी राहायला पायजे, असं मला लई वाटायला लागलेलं. खरं सांगतो, ते दुसरं कारण मोठं होतं.

जानेवारीतले दोन रविवार घेतले. मागल्या खोलीच्या खिडकीला गादी लावली, माईक उसना आणला. आप्पांनी कणीक मळली आणि पखवाजाच्या डाव्या अंगाला थापायला लागले. साईराज खिदळला, "आप्पा, चपात्या करायलाय काय?"

"कणीक लावल्याबिगार ह्येच्यातनं आवाज निघत न्हाय रं. तुझ्यागत न्हाय, कायबी न लावता बडबडतंय." आम्ही पोट धरून हसलो.

आप्पांच्या कानाला मी हेडफोन लावला. त्यात टिकटिक चालू असते, त्या टिकटिकीला धरून वाजवायचं असतंय. दोन मिनिटांत त्यांनी तो काढून ठेवला. "हे कोण बाबा मला शिकवायलंय?" मग तसंच वाजवलं. टाळ न्हाय, गाणारं कोण न्हाय. डोळे मिटलेले, ओठ हलायलेले. मी म्हटलं, "आप्पा, तोंडातनं आवाज न्हाय काढायचा, माईकमध्ये येतंय." त्यांनी ओठ मिटून घेतले. आत चालूच असणार.

पुढच्या आठवड्यात पाळी सुटल्यावर मी ते लॅपटॉपवर घेऊन बसलो. पडद्यावर उभ्या रेघा असत्यात, प्रत्येक थाप कुठल्यातरी रेघेवर बसायला पायजे. आप्पांच्या थापा रेघेच्या आगंमागं होत्या, ते चालतंय. पण एक जागा अशी होती की तिथं थाप लई उशिरा पडायची. मागं राहिल्यागत. प्रत्येक फेरीत, बरोब्बर त्याच जागी.

तिथंच मला कळायला पायजे होतं. चुकणारा हात चाळीस येळा एकाच जागी चुकतोय व्हय? पण माझा कान बारा वर्षं त्या टिकटिकीत मुरलेला. मला वाटलं, मुंग्यांमुळं तिथं बोट उचलत नसंल. साईराज त्याच्यावर म्हणून बघायचा आणि तिथं आला की ठेचकाळायचा. तीनदा झालं. मग म्हणाला, "परशा, आप्पा चुकायलेत रे. सरळ कर की."

एक बटण असतंय. दाबलं की सगळ्या थापा जवळच्या रेघेवर जाऊन उभ्या राहत्यात, शाळेतली पोरं प्रार्थनेला राहत्यात तशा. मी दाबलं. काळीज जरा हललं, खोटं कशाला बोलू? पण वाटलं, बापाचं म्हातारपण झाकायलोय, चांगलंच करायलोय. साईराज एका दमात म्हणून गेला. वर आम्ही नेहमीचा घुमणारा बास घातला, नेहमीचं ते वरचं चिकचिक घातलं, न्हायतर बेळगावात ऐकणार कोण?

साठवायला गेलो तर लॅपटॉप म्हणतोय जागा न्हाय. भरलेला कशानं? इंटरनेटवरनं उतरवलेल्या फुकटच्या आवाजांनी. ड्रमचे चार हजार आवाज, सगळे एकाच आईची लेकरं. ते पुसायला जीव झाला न्हाय, उद्या लागतील म्हणून. आप्पांचं मूळ रेकॉर्डिंग होतं लई मोठं. म्हटलं, सरळ केलेलं हाय की आता, वाकडं कशाला ठेवायचं? पुसलं. ह्या हातानं पुसलं. त्या रिकाम्या जागेत मी आणखी आवाज उतरवून घेतले.

गाणं इंटरनेटवर टाकलं. चार दिवस गावात वाजलं, पाचव्या दिवशी बंद. खाली एका पोरानं लिहिलेलं, "भाई, हा फ्री बीट कुठनं घेतला? लिंक टाक." मी ते वाचून जेवलो न्हाय. साईराज म्हणाला, "अरे, म्हंजे प्रोफेशनल वाटतंय!"

मार्चमध्ये आप्पांना लकवा मारला. बोलणं वाचलं, पाय थोडा ओढत चालतंय, उजवा हात गेला. कोपरापास्नं खाली नुसता लोंबतोय.

चैत्रातल्या एकादशीला मी त्यांना धरून देवळात नेलं. पखवाजावर शेजारच्या गावचा एक माणूस बसवलेला. हात चांगला होता त्याचा, उगंच नावं ठेवायची न्हाईत. मी बारा वर्षांत पहिल्यांदा भजनाला बसलो होतो, तेबी आप्पांना टेकायला भिंत मिळंना म्हणून. एक अभंग चालू झाला, आणि दुसऱ्या ओळीनंतर मंडळाचे सगळे टाळ एकदम थांबले. अर्धा श्वास. त्या पोकळीत त्या नव्या माणसाची एकट्याची थाप पडली, धप्पकन. म्हातारी माणसं दचकून त्याच्याकडं बघायला लागली. आप्पांनी मान खाली घातली.

 ती जागा मी ओळखली. पडद्यावर मी ती रोज बघितलती.

भजन सुटल्यावर ज्योतिबाकाकांना गाठलं, ते आप्पांच्या बरोबरीनं टाळ धरत आल्यात. विचारलं, तिथं थांबतासा का?

"भावकूसाठी," ते म्हणाले. "भावकू गायचा न्हवं आमच्यात, तुला आठवत नसंल. दम्याचा माणूस. आवाज असा गोड, पण दुसऱ्या ओळीनंतर धाप लागायची, पुढचं तोंडातनं निघायचं न्हाय. मग तुझ्या बापानं तिथं थाप रोखायला सुरुवात केली. भावकूला दम घेऊ द्यायचा, मग टाकायची. लोकांस्नी वाटायचं चालच तशी हाय. भावकू जाऊन बारा वर्षं झाली. गुंडूनं थाप रोखायचं सोडलं न्हाय, मग आम्ही कसं सोडणार? तिथं अजून भावकू दम घेतोय, असं समज."

"आणि हे कुठं लिहून..."

"लिहितंय कोण? गुंडूच्या हातात होतं ते. किती थांबायचं ते तोच ठरवायचा, आम्ही त्याच्या हाताकडं बघून थांबायचो. आता अंदाजानं थांबतोय."

मी घरी पळत आलो. लॅपटॉप उलटा-पालटा केला. दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडं घेऊन गेलो. त्यानं दोन तास ठेवून घेतला आणि म्हणाला, "त्याच जागेवर नंतर लई कायतरी भरलाय तुम्ही. खालचं आता निघत न्हाय." काय भरलंय ते मला म्हाईत होतं. एकाच आईची लेकरं.

मग मी हातानं करायला बसलो. म्हटलं, जागा कुठली ते म्हाईत हाय, माउसनं ती थाप मागं ओढू. ओढली. किती मागं? थोडी ओढली तर रेघेवरच असल्यागत वाटायची. जास्त ओढली तर चूक वाटायची. आठ दिवस रोज पाळी सुटली की हेच. एकदाबी त्यातनं माणूस दम घेतोय असं वाटलं न्हाय. तवा मला कळलं की बीट बिघडलेला न्हाय, कान बिघडलाय. माझा, साईराजचा, राघवेंद्रचा. आम्हाला एकच चाल ऐकू येतीय, बाकी सगळं चूक वाटतंय. चूक वाटलं की आम्ही पुसून टाकतोय. ह्यातनं नवीन काय उगवणार, माती? मी त्यानंतर कुणाला बीट करून दिला न्हाय. त्यानं कुणाचं अडलं न्हाय. त्यांस्नी दुसरा मिळाला, तसलाच.

गेल्या रविवारी दुपारी आप्पा खाटेवर बसलेले. मला हाक मारली.

"परशा, मी वाजवलेलं हाय न्हवं तुझ्याकडं? लाव की जरा. हात गेला, निदान ऐकू तरी."

तीन महिने मी ह्याच बोलण्याला भीत होतो. काय सांगणार होतो?  वरचा बास, साईराजचं बोलणं सगळं बंद केलं, नुसता पखवाज ठेवला आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. म्हटलं, बघू. आवाज तर त्यांच्याच हाताचा हाय, कणीक त्यांनीच लावलेली.

आप्पांनी डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं खाटेच्या लाकडावर चालायला लागली. ओठ हलायला लागले, ह्या येळी मी गप्प बसलो. दुसरी ओळ संपली असणार, कारण बोटं वर उचलून थांबली. हेडफोनमधलं पुढं गेलं. आप्पांनी गडबडीनं गाठलं. पुढच्या फेरीत परत बोटं थांबली, परत ते पुढं गेलं. तिसऱ्या येळी त्यांनी बोटं लाकडावर ठेवूनच दिली आणि डोळे उघडले.

"कोण रं ह्यो?"

मी पडद्यावरच्या रेघांकडं बघत राहिलो.

"हात बरा हाय," ते म्हणाले. "पण लई घाई करतोय. भावकूला दम घेऊ देईना. नवीन हाय व्हय?"

"व्हय, आप्पा," मी म्हटलं. "नवीन हाय."

"शिकंल." त्यांनी डाव्या हातानं हेडफोन कानावर नीट बसवला, भिंतीला टेकले आणि परत डोळे मिटले.

"आता माझं लाव."