मुकादमाचं पथ्य

आमच्या घरात कुणीतरी मांजराला चोरून खारा बांगडा खाऊ घालत होतं, आणि ते कोण हे शोधून काढल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते.

मांजराचं नाव मुकादम. निजामपुऱ्याच्या मागच्या अंगाला आमची लूमची शेड आणि शेडला लागूनच घर. सुताला खळ लावलेली असते, खळीच्या वासाने उंदीर येतात आणि ताण्याचे उभे धागे कुरतडतात, म्हणून मांजर लागतंच. पण हा बोका उंदीर मारण्यापेक्षा शेपूट वर करून लूमच्या रांगांमधून हिंडायचा, सगळ्यांचं काम तपासत असल्यासारखा. म्हणून माझ्या सासऱ्यांनी, केसरीनाथांनी, त्याचं नाव मुकादम ठेवलं. सासरे गेले त्याला वर्ष होत आलं होतं. ते गेल्यापासून बोका सासूच्या पायथ्याशी झोपायला लागला. सासूला घरात सगळे आक्काच म्हणतात. आक्का माणसांशी कमी आणि मुकादमाशीच जास्त बोलायच्या.

गणपतीनंतर मुकादम वाळायला लागला. दिवसभर मोरीतलं पाणी प्यायचा आणि कोपऱ्यात बसून राहायचा. त्याला टोपलीत घालून मी आणि आक्का गुरांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर आधी हसला. म्हशींच्या रांगेत आम्ही मांजर घेऊन उभ्या, हसणारच तो. मग त्याने पोट दाबून पाहिलं आणि हसणं थांबवलं. म्हणाला, किडनी.

आक्कांनी माझा हात धरला. "यांना झालेला त्योच काय?"

तोच आजार. सासऱ्यांनी शेवटची दोन वर्षं मिठाशिवाय काढली होती.

"मासळी बंद, मीठ बंद," डॉक्टर म्हणाला. "मऊ भात द्या, त्यात अंड्याचा पांढरा भाग कालवा. कधीतरी कोंबडीचा उकडलेला तुकडा, बोटभरच. पाळलंत तर जगेल. नाही पाळलं तर दिवाळी काही तो बघत नाही."

घरी आल्यावर आक्का उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यो बी गेला तर मी कोनासंगती बोलू, पार्वती?"

मी म्हटलं, "मी जगवतंय त्याला. तुमी बगाच."

बोलायला काय जातं! त्या नवाबाने भाताची वाटी हुंगली, पंजा झटकला आणि जमीन उकरून वाटीवर माती टाकायचं सोंग केलं, जणू मी घाणच वाढली होती. कोंबडी घातली, तिचा फक्त वास घेतला. अंडं वेगळं दिलं, त्याला पाठ दाखवली. मी रागावले, चुचकारलं, शेवटी हात जोडले. आम्ही आगरी, आमच्या घरातलं मांजर, त्याला मासळीवाचून कसं जमणार, हे मलाही कळत होतं. पण उपाशी मांजर ओरडतं, पायात घोटाळतं. हा संध्याकाळी मिशा चाटत यायचा आणि ताणून द्यायचा. एकदा मी त्याचं तोंड उघडून वास घेतला. भाजलेला खारा बांगडा!

पहिला संशय जावेवर, चंद्रावर. ती मूळचीच चोरटी. साखर खाते आणि मुंग्यांवर ढकलते. खाऱ्या मासळीचा पत्र्याचा डबा आढ्याला टांगलेला असतो, त्याच्या झाकणाला मी दोरा बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी दोरा होता, पण गाठ माझी नव्हती. मी चंद्राच्या मागे मागे राहायला लागले. ती भांडी घासायला बसली की मी शेजारी बसायचे आणि हळूच तिच्या बोटांचा वास घ्यायचे.

"वयनी, माजं हात कया हुंगतंस?" एक दिवस तिने थेट विचारलं.

"बांगड्याचा वास येतो काय, बगतंय."

"मना काय करायचाय तुजा बांगडा? तूच घालत असशील. वर वाटी ठेवाची नि मागून बांगडा घालाचा, म्हंजे आक्कांच्या म्होरं तू चांगली!"

त्या दिवसापासून आम्ही दोघी एका चुलीवर रांधत होतो आणि एकमेकींच्या हातांवर डोळा ठेवून होतो.

मग मी लूमवरच्या रामूचा डबा तपासला. त्यात नुसती बटाट्याची भाजी निघाली आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. नवऱ्याला, महादूला विचारलं तर तो खेकसला, "मना मांजराबिगर दुसरं काम न्हाय काय?" चोर असाच बोलतो. मी महादूचंही नाव मनात लिहून ठेवलं.

एकट्या आक्का माझ्या बाजूच्या. भात त्या स्वतः मऊ शिजवायच्या, अंडं स्वतः कालवायच्या. "सोडू नको त्याला," म्हणायच्या, "कोन हाय तो, त्याचं हात तोड." त्यांचे डोळे भरून यायचे. मुकादमाची हाडं आता पाठीवर हाताला लागत होती.

एका संध्याकाळी दिवेलागणीलाच वीज गेली. आमच्याकडे लूम चालू असले की शेजारी उभं राहिलेल्या माणसाला ओरडून सांगावं लागतं. सगळ्या गल्लीतले लूम एकदम थांबले आणि कान मोकळे झाले. तेव्हा शेडच्या मागून कुणीतरी हलक्या आवाजात बोलताना ऐकू आलं. सापडला, म्हटलं! चप्पलसुद्धा न घालता मी धावले.

शेवग्याच्या झाडाखाली केळीचं पान होतं. पानावर तांदळाची भाकरी आणि अख्खा भाजलेला बांगडा. आक्का पानाला हात जोडून म्हणत होत्या, "जेवा. काटं बगून खा. घाई न्हाय."

मग त्या उठल्या आणि घराकडे चालू लागल्या. मागे वळून पाहिलं नाही. आमच्यात गेलेल्या माणसाला पान ठेवलं की मागे बघत नाहीत. बघितलं तर जेवायला आलेला उठून जातो. आम्ही अमावास्येला ठेवतो तेवढंच. आक्का रोज ठेवत होत्या, कुणाला न सांगता, आणि रिकामं पान सकाळी राखेबरोबर उचलून टाकत होत्या. माणूस जेवून गेला, एवढंच त्यांना ठाऊक. भिंतीआडून मुकादम निवांत चालत आला आणि पानावर बसला.

रागाने माझं डोकं फिरलं होतं, आणि तिथेच मला रडू आलं. सासरे शेवटी शेवटी लहान मुलासारखे बांगडा मागायचे. नुसता तुकडा दे, जिभेला लावतो, म्हणायचे. आक्कांनी दिला नाही. दाराला पाठ लावून रडायच्या, पण दिला नाही. अळणी भात खाऊनच तो माणूस गेला. आता वर्षभर त्यांच्या पानावर बांगडा वाढून ही बाई जरा सुखाने झोपत होती, ते मी कसं हिरावून घेऊ? आणि गप्प बसले तर दिवाळीआधी मुकादम जाणार. तोही तिच्याच हातचं खाऊन.

"आक्का," मी ओरडले, "मागं बगा!"

त्या थांबल्या. पाठ माझ्याकडेच. "बगाचं नसतंय. ते उठतील."

"कोनी उठत न्हाय. माज्या गल्याची आन, बगा."

आक्का वळल्या. मुकादमाच्या तोंडात बांगड्याची शेपटी होती. तो पळाला नाही. जेवता जेवता त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, एवढंच.

आता या कोसळणार, म्हणून मी धरायला पुढे झाले. आक्कांनी मला हातानेच थांबवलं. मग त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. सासरे गेल्यापासून तो पदर मी डोक्यावर पाहिला नव्हता. खाली बसून त्यांनी मुकादमाच्या तोंडातून बांगडा ओढून काढला.

"आवो, काय ह्ये?" त्या म्हणाल्या. "डागतर न्हाय म्हनला ना तुमाला?"

आजवर त्यांनी मुकादमाला अरे-तुरे केलं होतं.

"पार्वती, भात आन."

भात चंद्राच घेऊन आली. आमचा आवाज ऐकून ती मागे येऊन उभी होती. मी तिच्या हातून वाटी घेतली आणि आक्कांना दिली. आक्कांनी बोटांवर घास घेतला आणि मुकादमाच्या तोंडाशी नेला. त्याने तोंड फिरवलं.

"मागच्या टायमाला माजं सगलं ऐकलंत," आक्का म्हणाल्या, "आनि तरी गेलात. आता ऐका नि ऱ्हावा."

मुकादमाने दुसऱ्या बाजूला तोंड केलं. आक्कांनी घास तिकडे नेला.