आवडाबाईंची वाकडी पाठ

आवडाबाईंना पाठ सरळ ठेवून वाकता येत नाही, असं कोलशेतच्या त्या जिममधल्या सगळ्यांचं ठाम मत झालं होतं. हे धादांत खोटं होतं. ज्या बाईने ऐन तारुण्यात खाडीकाठच्या मिठागरात मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या, तिला पाठ कशी धरायची हे कोण शिकवणार? डोक्यावर ओली पाटी आणि पायाखाली निसरडा बांध असला की पाठ आपोआप ताठ राहते. पण जिममध्ये हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आवडाबाई काही सांगणार नव्हत्या.

गोष्ट अशी होती. शेतजमीन बिल्डरकडे गेली, तिच्यावर टॉवर उभे राहिले, आणि त्यातल्याच एकात अकराव्या मजल्यावर आवडाबाईंना घर मिळालं. नवऱ्याने, नाथाने, त्या घराच्या गॅलरीत दोन पावसाळे काढले आणि तो गेला. मुलगा राघो शेजारच्या टॉवरमध्ये राहत होता. वाईट नव्हता हो पोरगा. रोज फोन करायचा, कामवालीच्या हाती डबा पाठवायचा, दिवाळीला सहकुटुंब येऊन पाया पडायचा. आईची शुगर वाढल्यावर तिला जिममध्ये घालून आलाही तोच. तिथे वयस्कर मंडळींसाठी जोडयोजना होती. आठवड्यातले दोन दिवस एकटीला ट्रेनर, बाकीचे दिवस सगळ्या बायकांबरोबर ग्रुप क्लास. फॉर्म सुधारला, म्हणजे व्यायाम बिनचूक यायला लागला, की एकटीची शिकवणी बंद आणि मग फक्त ग्रुप.

ट्रेनर होती करिश्मा. ठाकुर्लीहून यायची, पंचविशीची, सडपातळ, बोलायला चुरचुरीत. पहिल्या दिवशी आवडाबाई पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचून अवघडून उभ्या होत्या. करिश्मा म्हणाली, "मावशी, कंबर मागे, छाती पुढे, आणि पाठ अशी." आणि तिने पाठीच्या मधोमध आख्खा तळवा ठेवला.

आवडाबाईंच्या अंगावर काटा आला. हात गरम होता, कोरडा होता, आणि तो लगेच निघून गेला नाही. घरी आल्या त्या थेट मोरीत गेल्या, नळ सोडला आणि रडल्या. आपण का रडतोय ते त्यांना नीट कळत होतं. नाथा गेल्यापासून त्यांच्या अंगाला कुणी हातच लावला नव्हता. जुन्या घरी माणसाला माणूस सतत लागत असे. कुणी वेणी घालतंय, कुणी पाठ चोळून देतंय, हळदीला नाचताना तर कोण कुणाच्या गळ्यात पडलंय ते कळत नसे. आता दाराशी कुरियरवाला यायचा, ओटीपी विचारायचा आणि जायचा. राघो पाया पडायचा तोही पायाच्या वर वीतभर हवेत.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसात आवडाबाईंनी हिशेब ओळखला. पाठ वाकडी झाली की हात येतो, सरळ झाली की जातो. मग त्या वाकडी करू लागल्या.

त्यांनी हे काम मोठ्या निष्ठेने केलं, हे मात्र मान्य करायला हवं. फार वाकडी केली तर करिश्मा घाबरून हातातला वजनाचा लोखंडी बारच काढून घ्यायची. थोडी केली तर लांबूनच "मावशी, पाठ!" असं ओरडून भागवायची. म्हणून मधलं माप त्यांनी शोधून काढलं. खांदे जरा पुढे, कंबर जरा सैल. एवढं केलं की करिश्मा हमखास जवळ यायची.

ग्रुप क्लासमध्ये जास्त कष्ट पडायचे. तिथे वीसएक बायका, कानठळ्या बसवणारी गाणी आणि समोर भिंतभर आरसा. करिश्मा ओळींमधून फिरायची आणि चुकणाऱ्यांनाच हात लावायची. त्यामुळे चुकणाऱ्यांमध्ये पहिला नंबर लागणं भाग होतं. पहिल्या ओळीत समीक्षा मॅडम असायच्या. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, पाठ फूटपट्टीसारखी. त्यांना कुणी कधी दुरुस्त केलं नव्हतं. त्यांचा नवरा खाली गाडीत थांबायचा. त्यांच्याकडे बघून आवडाबाई मनातल्या मनात नाक मुरडायच्या. हिला काय कमी आहे, घरी सगळं आहे, हिने खुशाल सरळ वाकावं.

असे तीन-चार महिने गेले. आवडाबाईंची शुगर उतरली, पाठ मात्र होती तशीच. आणि एका सकाळी करिश्मा एकटीच्या शिकवणीला आली ती चेहरा पाडून.

"काय गो, बरं नाय काय?" आवडाबाईंनी विचारलं.

"मावशी, पुढच्या आठवड्यापासून तुम्हाला विनीत सर घेतील." विनीत सर म्हणजे जिमचा मॅनेजर. तो हातात एक प्लास्टिकची नळी घेऊन फिरायचा आणि जिथे चुकलं तिथे नळीचं टोक दाखवायचा.

"कनाला?"

"कारण माझ्याकडून होत नाहीये. एवढ्या महिन्यांत तुमची पाठ सुधारली नाही ना, सर बोलले मला सगळ्यांसमोर. तुला शिकवायला जमत नाही म्हणाले. मी घरी गेलेली ना, तर रात्री यूट्यूबवर बघत बसलेली, अजून कसं समजवायचं ते." तिने मान फिरवली. "मला वाटायचं मी चांगली शिकवते."

 आपण आपल्यापुरतं पाहिलं आणि पोरीची नोकरी पणाला लावली, हे आवडाबाईंच्या आत्ता ध्यानात आलं. विनीत सर पलीकडे फोनवर बोलत उभा होता. आवडाबाई बारजवळ गेल्या. वाकल्या. आणि पाठ जशी पाट्या वाहताना असायची तशी धरून त्यांनी बार उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. विनीत सरने फोन कानावरून खाली घेतला, "अरे वा, मावशी!" म्हणून अंगठा दाखवला आणि परत बोलू लागला.

करिश्मा बघतच राहिली. आधी तिचे डोळे चमकले, मग कपाळावर आठी चढली. मुलगी मूर्ख नव्हती.

"तुम्हाला येत होतं."

"हां."

"पहिल्यापासून?"

"हां."

"मग माझी मस्करी चाललेली काय, मावशी? माझी वाट लागलेली इथे!"

"मस्करी नाय गो पोरी." आवडाबाईंनी ओढणीचं टोक हातात धरलं. बोलणं सोपं नव्हतं, पण आता लपवून करायचं काय? "सरळ केली का तू हात काढून घेतेस. मना दुसरं कोन हात लावनारं नाय."

 या वाक्याचं काय करायचं ते करिश्माला कुणी शिकवलं नव्हतं. तिने पाण्याची बाटली उघडली, पुन्हा बंद केली. "मला सांगायचं ना," एवढंच म्हणाली. आणि मग हळूच, "पण आता तर सरांनी बघितलं. तुमचा फॉर्म पास झाला. पर्सनल बंद होणार."

झालंही तसंच. पुढच्या सोमवारपासून आवडाबाई फक्त ग्रुपमध्ये. आता वाकडं वागायची सोय नव्हती. पाठ पुन्हा बिघडली तर बोल पोरीलाच लागला असता. म्हणून त्या सरळ वाकायच्या, सरळ उठायच्या, आणि करिश्मा त्यांच्या बाजूने पुढे निघून जायची. जाताना हसायची. हसणं काही वाईट नसतं, पण ते पाठीला लागत नाही. घरी येऊन आवडाबाई टीव्ही लावायच्या आणि आवाज मोठा ठेवायच्या. एकदा तर त्यांनी स्वतःच स्वतःच्या पाठीवर हात पोचतो का ते पाहिलं. मधोमध पोचत नाही.

काही आठवड्यांनी करिश्माने क्लासमध्ये गाणी बंद केली. आज काय नवीन, म्हणून बायका कुजबुजल्या.

"लेडीज, आजपासून जोड्या करायच्या. एकीने वाकायचं, दुसरीने तिच्या पाठीवर हात ठेवून फॉर्म बघायचा. मी किती जणींकडे बघणार? एकमेकींकडे बघा." हे सांगताना ती आवडाबाईंकडे पाहत नव्हती, जरा जास्तच पाहत नव्हती.

मैत्रिणी मैत्रिणींकडे धावल्या. क्षणात जोड्या जमल्या आणि मध्ये दोघीच उरल्या, आवडाबाई आणि समीक्षा मॅडम. समीक्षा मॅडमना कुणी मैत्रीण नव्हती हे आवडाबाईंच्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

"आधी तुम्ही करा," मॅडम म्हणाल्या. आवडाबाई वाकल्या. पाठीवर दोन बोटं टेकली, तवा तापलाय का ते बघावं तशी, आणि लगेच उचलली गेली. "अगदी व्यवस्थित आहे हं तुमचं." आवडाबाईंचा जीव खट्टू झाला. एवढ्यासाठी का आपण वाकलो?

मग मॅडमची पाळी. त्या नेहमीसारख्या फूटपट्टी होऊन वाकल्या. आवडाबाईंना दोन बोटांनी हात लावायची सवय नव्हती. त्यांनी आख्खा पंजा ठेवला, मिठाने आणि चिखलाने राठ झालेला, मधोमध.

मॅडमची पाठ खाली गेली.

"वर घ्या, मॅडम."

पाठ वर आली. आवडाबाईंनी हात उचलला. पाठ पुन्हा खाली गेली. खांदे जरा पुढे, कंबर जरा सैल, फार नाही आणि थोडंही नाही. आवडाबाई जागच्या जागी थबकल्या. हे माप त्यांच्या चांगलं ओळखीचं होतं. त्यांनी आरशात पाहिलं. समीक्षा मॅडमनी डोळे मिटले होते आणि ओठ आवळून धरले होते. खाली गाडीत नवरा थांबला असेल, घरी सगळं असेल. आवडाबाईंना एकदम त्यांची फार कीव आली, आणि आपलीही.

त्यांनी हात परत ठेवला. या वेळी "वर घ्या" म्हणाल्या नाहीत.

"चला, जोड्या बदला!" करिश्मा पुढून ओरडली. पावलं वाजली, मॅट सरकल्या, बायका इकडच्या तिकडे झाल्या. समीक्षा मॅडम वाकलेल्याच राहिल्या.

"चुकतंय का माझं?" त्यांनी खालूनच विचारलं.

"चुकतंय थोडं," आवडाबाई म्हणाल्या. "ऱ्हावा अशाच. मी हाय."