कागदावरचा तोटा

अर्विंगमधल्या एका छोट्या मसाला कंपनीचे हिशेब ज्ञानदा बघायची. मालक मोरेश्वरकाकांनी नवं गोदाम घेतलं, त्या वर्षी तिने सगळा खर्च नियमात बसवून टॅक्स रिटर्नमध्ये तोटा दाखवला. टॅक्स वाचला म्हणून काकांनी ऑफिसात पेढे वाटले. तिच्या ग्रीन कार्डाचा अर्जही कंपनीने त्याच वर्षी केला होता.

आता सरकारने विचारलं होतं, तोट्यातली कंपनी हिला अर्जात लिहिलेला पगार कुठून देणार?

"बँकेत पैसे आहेत की आपले," काका म्हणाले.

"ते कर्जाचे आहेत," वकीलबाई फोनवरून म्हणाल्या. "नफा तरी हवा, नाहीतर तेवढा पगार तुम्ही तिला आधीपासून देत असायला हवा होतात."

तिला मिळणारा पगार त्याहून कमी होता. कार्ड आल्यावर वाढवू, असं काकांनी म्हटल्यावर तिनेच मान डोलावली होती.

"रिटर्न बदलता नाही येणार?" काकांनी तिला विचारलं.

"त्यात खोटं काहीच नाहीये, काका. काय बदलू?"

अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या कंपनीने सगळं नव्याने सुरू करेपर्यंत तिचा व्हिसा संपला असता. काका मात्र पगार वाढवून लगेच नवा अर्ज करायला तयार होते.

"पण मग कार्ड येईपर्यंत इथून हलायचं नाही हं," ते मायेने म्हणाले. कार्डासाठी भारतीयांची रांग किती वर्षांची आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ते रागावून बोलले असते तर तिला भांडता तरी आलं असतं. ती हो म्हणाली.