पिवळ्या रंगाची वाट पाहताना

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. ‘दगडच तो, त्याला काय कळणार?’ असे तुम्ही म्हणालात तरी मला राग यायचा नाही. डोक्यात काही शिरले नाही की माणसे एकमेकांना माझेच नाव देतात. पण मी जिवंत दगड आहे. प्रवाळ नावाच्या चिमुकल्या जिवांनी समुद्राच्या तळाशी घरे बांधली, त्या घरांवर आणखी घरे चढली आणि मी वाढत गेलो. माझ्या भोकांत किडे, स्पंज आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव राहत. भरती आली की माझ्या अंगावरचे शेवाळ एका बाजूला झुके, ओहोटीला दुसऱ्या. ते झुलणे आठवले की अजून जीव कासावीस होतो.

एके दिवशी एका पाणबुड्याने मला उचलले, ओल्या कागदात गुंडाळले आणि खोक्यात घातले. वाटेत माझे कितीतरी रहिवासी गुदमरून मेले. दगडालाही पाझर फुटतो म्हणतात, पण तेव्हा काही मला तो फुटला नाही.

खोके उघडले ते एका दातांच्या दवाखान्यात. बाहेरच्या खोलीत खुर्च्यांची रांग होती, आतून दात कोरण्याच्या यंत्राची किरकिर येत होती आणि भिंतीजवळ खाऱ्या पाण्याने भरलेली काचेची पेटी होती. ती दातांच्या डॉक्टरबाईंनी आपल्या वडिलांसाठी आणली होती. या आजोबांनी जहाजाच्या इंजिनघरात उभे आयुष्य काढले होते. रुग्ण त्यांना ‘कप्तान’ म्हणत.

“अहो, कप्तान वर असतो, मी खाली होतो,” ते म्हणत. “जन्म समुद्रावर गेला, पण समुद्र काही धड बघितला नाही. पत्र्यापलीकडे नुसता ऐकला.”

आता निवांतपणे बघायचे दिवस आले, तर काचबिंदूने त्यांची नजर कडेकडून विझत चालली होती. उरलेली फार टिकणार नाही, असे डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकले होते. म्हणून डॉक्टरबाईंनी घाई केली. नजर आहे तोवर आजोबांना जिवंत समुद्र दिसायला हवा होता. ते माझ्यासमोरची खुर्ची धरून बसत. त्यांना समुद्र बघायचा होता, मला समुद्रात परतायचे होते. आमचे छान जमले.

पण माझ्या अंगावर मेलेले जीव कुजू लागले आणि वास सुटला. रुग्ण नाकाला रुमाल लावू लागले. डॉक्टरबाईंचा जन्म जंतूंशी भांडण्यात गेलेला. त्यांचा हात आपोआप ब्रशकडे गेला. त्यांनी मला नळाखाली धरले आणि दात घासावेत तसे माझे एकेक भोक घासून काढले.

“बघा बाबा, कसा चकाचक झाला,” त्या म्हणाल्या.

त्या गोड्या पाण्यात माझे उरलेसुरले सोबतीही बहुतेक मेले. मी चकाचक झालो खरा, पण पोरका झालो.

पेटीतले पाणी आरशासारखे नितळ होते. पण दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते. शोभेचे मासे विकणाऱ्याने सांगितले होते की नळीत थोडे पाणी घ्या आणि औषधाचे थेंब टाका. पिवळे झाले तर ठीक, हिरवे झाले तर विष. डॉक्टरबाईंची नळी गर्द हिरवी झाली. त्यांनी त्याला फोन लावला.

“दगड घासला का तुम्ही?” त्याने विचारले.

“स्वच्छ केला.”

तो म्हणाला, “बाई, पाणी शुद्ध राखणारे जंतूच धुऊन टाकलेत. आता मेलेलं कुजून अमोनिया होणार. मासे सोडलेत तर त्यांचे कल्ले जळतील. थोडं थोडं पाणी बदला, रोज तपासा आणि थांबा. आत खोलवर कुणी वाचलं असेल, तर वाढेल.”

“पण किती दिवस?”

“ते मी कसं सांगू? दगडालाच विचारा.”

मित्रांनो, आत खोलवर थोडे जीव वाचले होते. ते विष खात होते, हळूहळू वाढत होते. मी त्यांना जागा देण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो. डॉक्टरबाई आदल्या दिवशी मीठ कालवून ठेवत आणि थोडे पाणी बदलत. पाणी उडून पातळी उतरली की मात्र साधे पाणी घालत, कारण पाणी उडते, मीठ मागेच राहते. तरी नळी हिरवीच येई.

एका सकाळी आजोबांनी विचारले, “पेटीतला दिवा लावला नाहीस का गं?”

दिवा लागलेला होता. डॉक्टरबाई हातमोजा अर्धा चढवून तशाच उभ्या राहिल्या. दुपारी त्या पिशवीत दोन केशरी मासे घेऊन आल्या.

“दोनच तर आहेत, बाबा. जगतील.”

“आज रंग कोणता आला?”

त्या पिशवीची गाठ सोडू लागल्या.

“पोरी, रंग विचारतोय.”

“हिरवट.”

“मग परत देऊन ये.”

“तुमचे डोळे थांबणार नाहीत, बाबा.”

“ठाऊक आहे. पण इंजिनघरात धूर कोंडला की काय होतं, ते मी भोगलंय. त्यांना तसल्यात ढकलून मला समुद्र नाही बघायचा.”

डॉक्टरबाई पिशवी घेऊन गेल्या. आजोबा काचेवर तळवा टेकवून बसले. दगड असल्याचे इतके दुःख मला कधी झाले नव्हते.

पुढे एक विष ओसरले, त्यातूनच दुसरे निघाले, तेही माझ्या भोकांतल्या जिवांनी पचवले. मग एक दिवस डॉक्टरबाई रुग्णाला उघड्या तोंडाने तसाच सोडून बाहेर आल्या.

“बाबा, पिवळा आला!”

आजोबांनी नळी खिडकीशी धरली आणि बराच वेळ पाहिली. “मला करडा दिसतोय. तू म्हणतेस तर पिवळा. उद्या परत बघ, मग आण.”

दुसऱ्या दिवशीही रंग पिवळाच आला आणि मासे आले. आजोबांनी काचेला नाक लावले.

“दिसले?”

“केशरी काहीतरी हललं बघ.” ते हसले. तेवढेच दिसले त्यांना, पण दिसले. मग म्हणाले, “पुढचं तू सांग.”

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली. “एक दगडाच्या भोकात शिरलाय. दुसरा बाहेर थांबलाय. आणि दगडावर काहीतरी हिरवं उगवलंय, बाबा. झुलतंय ते.”

माझ्यावर पुन्हा शेवाळ आले होते. पण पंपाचा झोत एकाच बाजूने येतो, म्हणून ते एकाच बाजूला झुकते. इथे ओहोटी नाही. मी अजून तिची वाट पाहतो.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना समुद्रातच राहू द्या. आणि कुणी आणलेच, तर घासून उजळवू नका. नितळ पाण्यावर विसंबू नका, ते तपासा आणि त्याला वेळ द्या. आजोबांची नजर आता पुरती गेली आहे. रोज सकाळी ते काचेवर तळवा टेकवून विचारतात, “आज रंग कोणता?” डॉक्टरबाईंना उत्तर माहीत असते. तरी त्या आधी नळी भरतात, थेंब टाकतात, रंग येईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहतात आणि मगच म्हणतात, “पिवळा, बाबा.”