पान त्र्याहत्तर

"मान वर करायची नाही," बाई म्हणाल्या. "एवढं एक पथ्य पाळा. बाकी सगळं माझ्यावर सोडा."

बाई प्रकाशनगृहाच्या. वाचकांचे मेळावे भरवण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती आणि सह्यांच्या टेबलाचं त्यांनी शास्त्रच करून टाकलं होतं. रांगेतल्या प्रत्येकाला आधीच एक चिठ्ठी द्यायची. पुस्तकावर जे नाव हवं ते त्यानं चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी पहिल्या पानाला चिकटवायची. लेखकानं ते नाव उतरवायचं, खाली ठरलेली ओळ, खाली सही. मान वर केली की समोरचा बोलायला लागतो, आणि एकजण बोलला की मागचे तीनशे खोळंबतात.

"आणि चिठ्ठीवर भिंगरी असेल तर भिंगरीच लिहा. मागच्या वेळी एकेकाला खरं नाव विचारत बसलात. लोकांना भिंगरीच व्हायचं असतं, होऊ द्या की."

लोकांना खरोखरच भिंगरी व्हायचं होतं. बाहेर आवारात टक्कल पडलेले बाप्ये पिवळी टोपी घालून, एक मोजा गुडघ्यापर्यंत आणि एक घोट्यापर्यंत ठेवून फोटो काढून घेत होते. विमा कंपनीच्या आवक-जावक विभागात एकतीस वर्षं टपालावर शिक्के मारणाऱ्या माणसाला पुस्तकातल्या या एका पोरीनं भिंगरीकार केलं होतं. त्यांचं खरं नाव घेणारी एक बायको होती, ती पहिलं पुस्तक निघायच्या आधीच गेली.

मोजा उतरलेला का, हे त्या टोपीवाल्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. भिंगरीकारांच्या मुलीच्या एका मोज्याचं इलॅस्टिक सैल झालं होतं आणि नवे मोजे आणायचं ते रोज विसरायचे. पोरीचा पाय घरात ठरत नसे, म्हणून घरचं नाव भिंगरी. तिची सायकल, तिची टोपी, तिचे हट्ट, सगळं त्यांनी पुस्तकात उचललं. त्याबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती पान त्र्याहत्तरबद्दल.

आई गेली तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्यानंतर कित्येक महिने झोपेत तिचं अंथरूण ओलं व्हायचं. पहाटे उठून ती चादर धुवायची, गच्चीवर घालायची आणि बापाला कळू नये म्हणून तो उठायच्या आत तशीच दमट घडी करून ठेवायची. भिंगरीकार खिडकीतून बघत असायचे. तिला जवळ घेऊन दोन शब्द बोलणं त्यांना जमलं नाही, लिहिणं मात्र झकास जमलं. पान त्र्याहत्तर आणि त्याची मागची बाजू. लोक वाचून रडले. आणि शाळेत तिच्या बाकावर कुणीतरी प्लॅस्टिकचा कागद अंथरून ठेवला.

"बाबा, ते काढा," ती अकराव्या वर्षी म्हणाली होती.

"छापून झालंय गं आता."

विसाव्या वर्षी पुन्हा म्हणाली, "पुढच्या आवृत्तीत तरी काढा. एका पानावाचून तुमचं कुठं घोडं अडणार आहे?"

"ते पान गेलं तर गोष्ट लंगडी होईल," ते म्हणाले. त्यांना ते मनापासून वाटत होतं, हेच वाईट. पुढे ती नोकरीसाठी या गावात आली. प्रत्येक आवृत्तीला विचारायची, ते प्रत्येक वेळी "बघू" म्हणायचे. चौदाव्या आवृत्तीनंतर तिनं विचारणं सोडलं, आणि फोन करणंही. त्याला आता नऊ वर्षं होत आली होती.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी तिला पत्र टाकलं. 'तुझ्या गावात मेळावा आहे. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची तुझ्यासाठी ठेवतो. ते पान तुझं होतं, मी तुला न विचारता घेतलं, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. यापुढे ते छापू देणार नाही. एकदा ये.' उत्तर आलं नव्हतं, पण 'येत नाही' असंही कळलं नव्हतं, आणि म्हातारपणी माणूस एवढ्यावरही तग धरतो.

सभागृह गच्च भरलं. मागच्या भिंतीला टेकून लोक उभे होते. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची तेवढी मोकळी, तिच्यावर 'राखीव' लिहिलेला कागद. तिच्या बरोब्बर मागं पाचसहाजणांचं टोळकं, सगळ्यांच्या छातीवर मोठ्ठा ७३ छापलेला. भिंगरीकार बोलत होते मेळाव्याशी आणि बघत होते त्या कागदाकडे. तासभर झाला तरी कागद जागचा हलला नाही.

मग प्रश्न सुरू झाले. टोळक्यातला एक गृहस्थ उठला. बँकेत अधिकारी आहे म्हणाला. मोजा उतरलेला.

"सर, पान त्र्याहत्तर. ते वाचून मी आयुष्यात पहिल्यांदा रडलो. खरं घडलंय का हो ते?"

तीन आठवडे न्हाणीघरातल्या आरशासमोर घोकलेलं वाक्य भिंगरीकारांच्या ओठांवर आलं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. ती आलीच नव्हती. मग बोलायचं कुणासाठी? ती असती तर नक्की बोललो असतो, असं त्यांनी स्वतःला बजावलं. या भल्या माणसांचा विरस करून काय मिळणार? आणि त्यांनी घासून गुळगुळीत झालेला जुना किस्सा बाहेर काढला.

"खरं सांगू का? पहिलं पुस्तक छापायला गेलं ना, तेव्हा भीतीनं माझंच अंथरूण ओलं व्हायचं बाकी होतं. ते मी बिचाऱ्या भिंगरीच्या नावावर खपवलं."

हशा पिकला. टोळक्यानं उठून टाळ्या वाजवल्या. भिंगरीकारही हसले. हा किस्सा आजवर एकदाही वाया गेला नव्हता.

सह्यांना बसले तेव्हा रांग दारातून बाहेर गेली होती. बाई शेजारी उभ्या राहून पुस्तक उघडायच्या, उघडा पुठ्ठा तळव्याखाली दाबून पुढे सरकवायच्या, सही झाली की ओढून घ्यायच्या. भिंगरीकारांनी पथ्य पाळलं. चिठ्ठी, नाव, ओळ, सही. 'भिंगरीला, सप्रेम. अशीच धावत राहा.' एकदा, दहादा, साठदा. शिक्के मारायची एकतीस वर्षांची सवय कामी आली. समोरून माणसं नव्हे, नुसते हात जात होते. अंगठीवाले, शाई लागलेले, घामेजलेले.

मध्येच एक पिवळी पडलेली प्रत आली. पहिली आवृत्ती. चिठ्ठीवर भिंगरी.

"वा, इतकी जुनी प्रत? जपलीत की हो," ते लिहिता लिहिता म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं. हात साधा होता, नखं बारीक कापलेली. पुस्तक हातात घेऊनही तो टेबलावरून हलेना.

"पुढे चला ताई, मागे रांग आहे," बाई म्हणाल्या. हात गेला. त्याच्या मागोमाग बँकेतल्या गृहस्थाचं पुस्तक आलं. त्याच्याही चिठ्ठीवर भिंगरी.

संध्याकाळी पाचला सभागृह रिकामं झालं. माणसं खुर्च्या गोळा करून एकावर एक रचत होती. भिंगरीकार दुखरी बोटं चोळत बसले होते. नाही आली, एवढंच मनात घोळत होतं, आणि थोडा रागही होता. बापानं एवढं पत्र लिहिलं, तासाभराची सवड काढता येत नाही?

बाई पहिल्या रांगेकडून परत आल्या. त्यांच्या हातात एक पुस्तक होतं. "तुमच्या त्या राखीव खुर्चीवर कुणीतरी विसरून गेलंय बघा. आजचीच सही आहे."

त्यांनी पिवळी प्रत ओळखली. पुठ्ठा उघडला. पुठ्ठ्याच्या आत निळ्या शाईत, पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'छापून आलेलं पहिलं पुस्तक, माझ्या भिंगरीला. बाबा.' समोरच्या पानावर आजची ओळ. सप्रेम. अशीच धावत राहा. खाली पूर्ण सही, आडनावासकट.

"बाई," ते म्हणाले. "ही कुणी ठेवली?"

"त्या ताईच असतील. पहिल्यापासून मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी म्हटलं, पुढे एक खुर्ची मोकळी आहे, ज्यांच्यासाठी ठेवलीय ते काही येत नाहीत, बसा. तर म्हणाल्या, आधी ऐकते, मग बसते." बाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा आवरत होत्या. "मग बसल्या नाहीतच. रांगेत मात्र दीड तास उभ्या राहिल्या. का हो, ओळखीच्या होत्या?"

भिंगरीकारांनी मान हलवली. ती हो होती की नाही, बाईंना कळलं नाही. "गाडी आलीय," म्हणून त्या पुढे गेल्या.

पुस्तक हातात घेतल्यावर त्यांचा अंगठा सवयीनं तिथंच गेला. बहात्तरनंतर थेट पंचाहत्तर. मधलं पान पट्टी लावून, अगदी शिवणीलगत, सरळ कापून काढलेलं होतं. कापलेली कड इतर पानांइतकीच पिवळी होती. आज काल नव्हे, फार वर्षांपूर्वी, बहुधा शाळेतल्याच पट्टीनं ते काम झालं होतं.

माणसं खुर्च्या रचत त्यांच्यापर्यंत आली आणि उठा म्हणायचं कसं म्हणून थांबली. भिंगरीकारांनी चष्मा पुसला आणि बहात्तरपासून वाचायला घेतलं. शेवटच्या ओळीत भिंगरी सायकल भिंतीला टेकवून झोपायला जात होती. पंचाहत्तरच्या पहिल्या ओळीत सकाळ होऊन ती सायकल बाहेर काढत होती. त्यांनी पुन्हा एकदा, सावकाश, वाचून पाहिलं. गोष्ट कुठंच अडत नव्हती.